सहा वर्षे रिकामा राहिलेला पट्टा : ७०० मेगाहर्ट्झचे प्रकरण

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या भिंती जांभ्याच्या आहेत, चांगल्या दीड फूट जाडीच्या. उन्हाळ्यात माजघर गार राहते ते या भिंतींमुळेच, आणि माजघरात फोन मुका होतो तोही या भिंतींमुळेच. पडवीत आले की एखादी दांडी उगवते. मी पुण्याहून फोन लावला की पहिले वाक्य ठरलेले असते, "आई, ऐकू येतंय का?" आणि तिचे उत्तरही ठरलेले, "थांब, पायरीवर येते." पायरीवर बसून, एका हाताने फोन डोक्याच्या वर धरून ती नातीचा चेहरा बघते. २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर भरायला लागल्या तेव्हा कोकणातली किती मुले दप्तर घेऊन सड्यावर, डोंगरावर जाऊन बसत होती, ते त्या वेळच्या बातम्यांतून सगळ्यांनी पाहिले आहे.

रेंज न येण्याची कारणे अनेक असतात. डोंगर आडवे येतात, टॉवर कमी असतात, फायबर पोहोचलेले नसते, वीज जाते. त्यातल्या एका कारणाचा मात्र शेवटपर्यंत माग काढता येतो, कारण त्याच्या तारखा आणि आकडे सरकारी कागदांवर आहेत. जाड भिंतीतून आत शिरणाऱ्या आणि एका टॉवरवरून लांब पोहोचणाऱ्या लहरींचा पट्टा देशाकडे होता. तो २०१६ मध्ये विकायला काढला, कोणी घेतला नाही. २०२१ मध्ये पुन्हा काढला, तेव्हाही कोणी घेतला नाही. २०२२ मध्ये अखेर त्याला गिऱ्हाईक मिळाले. मधली सहा वर्षे का गेली, हा या लेखाचा विषय आहे.

लहर कुठवर जाते

वर्तमानपत्रे स्पेक्ट्रमला, म्हणजे अशा लहरींच्या पट्ट्यांना, 'ध्वनिलहरी' म्हणतात. शब्द रुळला आहे, पण तो दिशाभूल करतो. या रेडिओ लहरी आहेत, प्रकाशाच्या जातीच्या, आणि त्यांची लांबी कमीजास्त असते. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर लांब असते, २१०० ची साधारण १४, ३३०० ची ९ आणि २६ गिगाहर्ट्झची जेमतेम सव्वा सेंटिमीटरच्या आत. लांब लहर दूर जाते, झाडीतून पुढे सरकते, भिंतीत कमी अडते. इतर सगळे सारखे ठेवले तर मोकळ्या जागेत ७०० ची लहर २१०० च्या तिप्पट अंतर कापते आणि तरी तेवढीच ऐकू येते. प्रत्यक्ष जमिनीवर फरक इतका राहत नाही, तरी टॉवर किती लागणार याचा हिशेब बदलण्याइतका तो नक्की राहतो.

टॉवरचा आवाज मोठा असतो, तो फोनपर्यंत बरेचदा पोहोचतो. अडते ते उलट्या दिशेला. हातातला फोन फार तर पाव वॅटच्या आसपास ताकदीने बोलतो, कारण त्याची बॅटरी लहान आणि तो आपल्या कानाशी. त्याचे क्षीण उत्तर टॉवरला ऐकू आले नाही तर दांड्या दिसूनही कॉल लागत नाही. लांब लहरीचा खरा फायदा या परतीच्या वाटेवर आहे, म्हणजे माजघरातून टॉवरकडे.

७०० चा पट्टा वेगासाठी नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे. त्यात जागा थोडी. एका कंपनीच्या वाट्याला ५ किंवा १० मेगाहर्ट्झच्या जोड्या (एक तुकडा फोनकडून टॉवरकडे, दुसरा टॉवरकडून फोनकडे) येणार, तर ३३०० च्या पट्ट्यात एकेकीला १०० मिळू शकतात. शहरातल्या गर्दीची तहान वरच्या पट्ट्यांनी भागते, आणि वस्ती विरळ असलेल्या मुलखात, घराच्या आत पोहोचण्यासाठी हा खालचा पट्टा लागतो. आंबा-काजूच्या बागांमधून विखुरलेल्या वाड्यांसाठी दर दोन किलोमीटरवर टॉवर उभारला तर त्याचे डिझेलसुद्धा वसूल होणार नाही. म्हणून इथे टॉवर वाढवा म्हणण्यापेक्षा एका टॉवरचा पल्ला वाढवा म्हणणे जास्त व्यवहार्य होते.

जगात हे सगळ्यांना ठाऊक होते. टीव्हीचे प्रसारण डिजिटल झाले की कमी जागेत मावते आणि वरचा तुकडा मोबाईलसाठी मोकळा होतो. २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत भारतासह आशियातल्या काही देशांनी ६९८ ते ७९० मेगाहर्ट्झचा भाग मोबाईलसाठी निश्चित केला. पुढे आशिया-पॅसिफिकसाठी ७०३–७४८ आणि ७५८–८०३ अशी जोडी ठरली. भारताने तीच स्वीकारली. त्यातले ३५ मेगाहर्ट्झ कंपन्यांना देण्यासाठी उपलब्ध झाले.

११,४८५ कोटी हा आकडा कसा आला

किंमत ठरवण्याची वेळ आली तेव्हा सगळ्यांच्या मानेवर २००८ चे ओझे होते. त्या वर्षी जानेवारीत १२२ टू-जी परवाने 'आधी येईल त्याला आधी' या पद्धतीने, २००१ च्या म्हणजे देशभरासाठी १,६५८ कोटींच्या दराने वाटले गेले. नोव्हेंबर २०१० मध्ये कॅगने सरकारी तिजोरीचा संभाव्य तोटा १.७६ लाख कोटींपर्यंत असल्याचे म्हटले. २ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने सर्व १२२ परवाने रद्द केले आणि स्पेक्ट्रम लिलावानेच द्यायला सांगितले. (२०१७ च्या डिसेंबरमध्ये विशेष न्यायालयाने फौजदारी खटल्यातल्या सर्व आरोपींना निर्दोष सोडले, पण तोवर धोरण घडून गेले होते.)

त्यानंतर कुठल्या अधिकाऱ्याने स्पेक्ट्रमची किंमत कमी धरायची? जास्त धरली आणि माल पडून राहिला तर त्याला कोणी जाब विचारत नाही. कमी धरली आणि कोणाला फायदा झाला तर चौकशी बसते. मी या माणसांना दोष देत नाही. त्यांच्या जागी असतो तर मीही सही करताना जास्तीच्या आकड्याकडेच झुकलो असतो.

जानेवारी २०१६ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने शिफारस केली. ७०० चा हा देशातला पहिलाच लिलाव, त्यामुळे मागचा दर नव्हता. म्हणून १८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा दर घेतला आणि त्याला चारने गुणले. परदेशातल्या लिलावांत खालच्या पट्ट्याला असे भाव मिळाले होते, हा आधार. देशभरासाठी एका मेगाहर्ट्झची राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली बोली लावता येत नाही ती, झाली ११,४८५ कोटी रुपये. एका कंपनीने किमान ५ मेगाहर्ट्झ घ्यायचे म्हटले तर ५७,४२५ कोटी. सगळे ३५ गेले असते तर ४ लाख कोटींच्या वर. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात दूरसंचार क्षेत्राकडून एकूण सुमारे ९९ हजार कोटी येतील असे धरले होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले तरी बाजारात तेवढा पैसा आहे का हा प्रश्न पडायला हवा होता.

जुन्या कंपन्यांपैकी अनेकींनी ट्रायला कळवले होते की हा लिलाव आता नको, कारण या पट्ट्यावर चालणारे फोन भारतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांच्या म्हणण्यात स्वार्थ होताच. नव्या स्पर्धकाच्या हाती असा पट्टा लागू नये असे कोणाला वाटणार नाही? पण फोनचा मुद्दा खरा होता. तरीही जून २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने मान्यता दिली.

ऑक्टोबर २०१६

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ बाजारात उतरली आणि मोबाईल डेटाचे सगळे गणित फिरले. २०१४ मध्ये एक ग्राहक महिन्याला सरासरी ६१.६६ मेगाबाइट वापरत होता. दहा वर्षांनी तोच आकडा २० गिगाबाइटच्या पुढे गेला. म्हणजे मागणी भिंत फोडून बाहेर पडत होती त्याच महिन्यात देशातला सर्वांत मोठा लिलाव होऊ घातला होता. सात पट्टे, २,३५४.५५ मेगाहर्ट्झ, राखीव किमतीने मूल्य ५.६३ लाख कोटी.

१ ऑक्टोबरला बोली सुरू झाली. हे लिलाव ऑनलाइन होतात, फेरीमागून फेरी. प्रत्येक सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचारासाठी आखलेल्या विभागात, कुठल्या पट्ट्याला किती मागणी आहे ते दिसते, आणि मागणी मालापेक्षा जास्त असेल तरच किंमत चढते. आपल्याकडे महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा येतो आणि मुंबई वेगळी निघते. देशात अशी २२ सर्कल आहेत. ३१ फेऱ्या झाल्या, ६ ऑक्टोबरला लिलाव संपला. ९६४.८० मेगाहर्ट्झ विकले गेले, ६५,७८९ कोटी आले. ७०० च्या रकान्यात बावीसच्या बावीस सर्कलमध्ये शून्य. मुंबईत नाही, दिल्लीत नाही, कुठेच नाही.

कंपन्यांनी पैसे १८००, २३०० अशा पट्ट्यांत घातले, जिथे लोकांच्या खिशातले फोन आधीच चालत होते. हा निर्णय हिशेबाचा होता. क्षेत्रावरचे कर्ज तेव्हा ४ लाख कोटींच्या घरात होते आणि जिओच्या फुकट डेटापुढे दर कोसळत होते. पुढच्या दोन वर्षांत एअरसेल दिवाळखोरीत गेली, टाटांनी मोबाईल व्यवसाय एअरटेलकडे सोपवला, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. विकणाऱ्याला ज्या बाजाराकडून ४ लाख कोटींची आशा होती, तो बाजारच आकसत होता.

पुन्हा तेच

हे प्रकरण मला खरे बोचते ते इथपासून. पहिला अंदाज चुकणे समजू शकते. पहिल्यांदा विकायला काढलेल्या वस्तूची किंमत कोणालाच नेमकी ठाऊक नसते. पण शून्य बोली हा सुद्धा बाजाराचा निकालच आहे, आणि तो ऑक्टोबर २०१६ मध्ये स्पष्ट लागला होता. तो वाचून किंमत दुरुस्त करायला किती वेळ लागावा?

दूरसंचार विभागाने ट्रायकडे विचारणा करायची, ट्रायने चर्चापत्र काढायचे, हरकती घ्यायच्या, शिफारस करायची, मग दूरसंचार विभागाचा आयोग, मग मंत्रिमंडळ, मग लिलावाची सूचना. ट्रायची नवी शिफारस आली १ ऑगस्ट २०१८ ला. किंमत ६,५६८ कोटी, म्हणजे पहिल्यापेक्षा ४३ टक्के कमी. त्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एजीआरचा, म्हणजे सरकारी शुल्क कंपन्यांच्या कुठल्या उत्पन्नावर मोजायचे याचा, निकाल दिला आणि कंपन्यांवर थकबाकीचा डोंगर आला. लिलाव झाला तो १ आणि २ मार्च २०२१ ला. दोन लिलावांत जवळपास साडेचार वर्षांचे अंतर पडले. अडीच वर्षांपूर्वी काढलेली किंमत तशीच ठेवून, मधल्या काळात कंगाल झालेल्या बाजारात माल पुन्हा मांडला गेला.

७७,८१५ कोटी आले, त्यातले ५७ हजार कोटी एकट्या जिओचे. ७०० ला पुन्हा शून्य.

याच दरम्यान टाळेबंदी येऊन गेली होती. सड्यावर बसलेली ती मुले आणि रिकामा पट्टा ही दोन्ही एकाच वर्षातली चित्रे आहेत. पट्टा विकला असता तर दुसऱ्या दिवशी आमच्या माजघरात रेंज आली असती असे मी म्हणत नाही. टॉवर बसवायला, फोन बदलायला वर्षे लागतात. पण ती वर्षे २०१६ पासून मोजायची की २०२२ पासून, हा फरक फार मोठा आहे.

कोळसा आज काढला नाही तर उद्या काढता येतो. जमीन आज विकली नाही तर पुढच्या वर्षी जास्त भाव येईल. स्पेक्ट्रम तसा नाही. स्टँडवरून सुटलेल्या एसटीतली रिकामी सीट नंतर विकता येत नाही, तसा वापरात न आलेला लहरींचा प्रत्येक दिवस कायमचा गेलेला असतो. तो साठवता येत नाही, त्याला व्याज लागत नाही. संभाव्य तोट्याचा हिशेब मांडायचाच, तर या दिवसांचाही मांडायला हवा. कॅगच्या त्या प्रसिद्ध आकड्यानंतर स्वस्तात दिल्याचा तोटा मोजायला देश शिकला. न देण्याचा तोटा मात्र कोणाच्या ताळेबंदात येत नाही.

२०२२ मध्ये काय बदलले

सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने दूरसंचार क्षेत्रासाठी मोठे निर्णय घेतले. थकबाकी भरायला चार वर्षांची मुभा दिली, पुढच्या लिलावांतल्या स्पेक्ट्रमवरचा वापर आकार काढून टाकला, मुदत २० वर्षांवरून ३० केली, दहा वर्षांनी स्पेक्ट्रम परत करायची सोय ठेवली. त्याआधी जूनमध्ये ७०० मधले ५ मेगाहर्ट्झ रेल्वेला सिग्नल आणि गाडी-नियंत्रण कक्ष संपर्कासाठी दिले गेले. माझ्या मते पडून असलेल्या पट्ट्याबाबत त्या काळात झालेला हा सर्वांत समंजस निर्णय होता.

एप्रिल २०२२ मध्ये ट्रायने ७०० ची किंमत ३,९२७ कोटी सुचवली. पैसे वीस समान वार्षिक हप्त्यांत भरायचे, सुरुवातीला मोठी रक्कम नाही. २६ जुलैला लिलाव सुरू झाला, १ ऑगस्टला ४० व्या फेरीनंतर संपला, १,५०,१७३ कोटींवर. जिओने ७०० मध्ये बावीसही सर्कलमध्ये १० मेगाहर्ट्झ घेतले, ३९,२७० कोटींना. महाराष्ट्र-गोवा त्यात आले, मुंबई आली.

आता हिशेब करू. २०१६ चा दर २० वर्षांवर वाटला तर मेगाहर्ट्झमागे वर्षाला ५७४ कोटी पडत होते. २०२२ चा दर ३० वर्षांवर वाटला की १३१ कोटी. चौथ्या हिश्शापेक्षाही कमी. आणि तेव्हाही या पट्ट्यासाठी दुसरे कोणी उभे राहिले नाही. जिओला तो राखीव किमतीलाच मिळाला. म्हणजे सहा वर्षे थांबून सरकारला जास्त भाव आला असे झाले नाही. उलट त्याच लिलावात उत्तर प्रदेश पूर्व सर्कलमध्ये १८०० च्या पट्ट्यासाठी खरी चढाओढ झाली आणि ९१ कोटींवरून बोली १६० कोटींच्या पुढे गेली. ज्या वस्तूची गरज एकाहून अधिक जणांना आहे तिची किंमत लिलाव स्वतः वर नेतो. सुरुवात खालून केली म्हणून ती वस्तू स्वस्तात जात नाही.

दुसरी बाजूही आहे आणि ती हलकी नाही. एअरटेलने ७०० घेतला नाही. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख गोपाळ विट्टल यांची भूमिका अशी होती की ९००, १८०० आणि २१०० मधला आमचा साठा पुरेसा आहे, त्यावर हा महागडा पट्टा फार भर घालणार नाही. फाइव्ह-जीची रचनाही त्यांनी वेगळी निवडली, फोर-जीच्या पायावर उभी. जिओने स्वतंत्र फाइव्ह-जी उभारले, म्हणून तिला खालचा पट्टा हवाच होता. म्हणजे एकाच लहरींची किंमत दोघांसाठी दोन. ज्याच्याकडे ९०० आहे त्याला ७०० चैनीचा, ज्याच्याकडे नाही त्याला गरजेचा. चारने गुणण्याच्या सूत्रात हा फरक बसूच शकत नव्हता.

आणि फार स्वस्त ठेवला असता तर कोणी घेऊन नुसता दाबून ठेवला असता, ही भीतीही खोटी नाही. पण त्यावर उपाय किंमत नाही, अट आहे. अमुक वर्षांत अमुक तालुक्यांत, घराच्या आत सिग्नल पोहोचला पाहिजे, नाही तर पट्टा परत. भारतीय लिलावांत जाळे पसरवण्याच्या अटी असतात. मला वाटते २०१६ मध्ये किंमत निम्म्याहून खाली आणि अटी दुप्पट कडक ठेवल्या असत्या तर तिजोरीलाही पैसा मिळाला असता आणि वाड्यांनाही रेंज.

जून २०२३ मध्ये बीएसएनएलला ८९ हजार कोटींचे पॅकेज मंजूर झाले. त्यात ७०० चे १० मेगाहर्ट्झ देशभरासाठी होते. दुर्गम भागासाठी मला याच तुकड्याकडून जास्त आशा आहे, कारण जिथे धंदा होत नाही तिथेही जाण्याचे काम शेवटी सरकारी कंपनीवर येते.

२०२२ च्या यादीत ६०० मेगाहर्ट्झचाही पट्टा होता, सातशेच्या खालचा, आणखी लांब पोहोचणारा. त्याची राखीव किंमतही ३,९२७ कोटीच ठेवली होती. त्यावर चालणारे फोन इथे नव्हते. एकही बोली आली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने वेगवेगळ्या सरकारी वापरांतून आणखी ६८७ मेगाहर्ट्झ मोबाईलसाठी मोकळे करायला मान्यता दिली. त्यातला काही भाग लगेच, बाकीचा २०२८-२९ पर्यंत. मागणी वाढतच आहे, तेव्हा पट्टे मोकळे होणारच. त्यांच्यापुढे जो आकडा लिहिला जाईल तो किती दिवसांत दुरुस्त करता येईल, एवढे मी त्या कागदात शोधणार आहे.

मागच्या गणपतीत गावी गेलो तेव्हा माझा फोन माजघरात ठेवून पाहिला. फाइव्ह-जीची दोन दांड्यांची रेंज होती, देवघरापर्यंत टिकली. आईला बोलावून दाखवली. तिने आपला फोन शेजारी ठेवला, त्यावर काहीच नव्हते. तिचा फोर-जीचा आहे, सहा हजारांचा, आणि जिओने ७०० चा पट्टा फाइव्ह-जीसाठी लावला आहे. २०१६ मध्ये तो विकला गेला असता तर त्यावर फोर-जी बसले असते आणि इतक्या वर्षांत असे स्वस्त फोनही त्यावर चालायला लागले असते. "मग माझ्यात कधी येणार?" तिने विचारले. रात्री सुनेचा फोन आला तेव्हा ती पायरीवर जाऊन बसली.